टॉवरमध्ये लाईट गेली आणि येतच नाही: पहिल्या पंधरा मिनिटांपासून तिसऱ्या दिवसापर्यंत

चार मजली बिल्डिंगमध्ये लाईट जाणं म्हणजे अंधार आणि उकाडा. बावीस मजली टॉवरमध्ये लाईट जाणं म्हणजे पाणी, जिना, सांडपाणी आणि अडकलेली माणसं. अंधार तिथे सगळ्यात शेवटी येतो. तरीही दर वेळी लोक आधी मेणबत्ती शोधतात, मग लिफ्टसाठी कमिटीशी भांडतात आणि संध्याकाळी नळ कोरडा पडला की एकमेकांकडे बघतात. तोवर जनरेटरमधलं डिझेल लिफ्ट फिरवण्यात संपलेलं असतं.

हा लेख दोन-तीन तासांच्या खंडित पुरवठ्यासाठी नाही. केबल जळली, सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं, वादळात खांब आडवे झाले आणि लाईट कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही, अशा वेळेसाठी आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या वीजयंत्रणा पाण्याखाली गेल्या आणि कित्येक भाग दिवसच्या दिवस अंधारात राहिले. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडमध्ये तेच झालं. त्या मानाने १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचा ग्रिड कोसळला ती बातमी मोठी होती, पण लाईट त्याच दिवशी टप्प्याटप्प्याने परत आली. लांबणारा त्रास बहुतेकदा आपल्याच गल्लीत, आपल्याच केबलमध्ये असतो. म्हणून तयारीही आपल्याच बिल्डिंगची हवी.

टप्पा १: आधीची तयारी (लाईट असतानाच)

आधी कमिटीची तयारी, कारण टॉवरमध्ये एकट्या फ्लॅटची तयारी फार पुढे नेत नाही.

एक कागद करा. त्यावर पाच गोष्टी: जनरेटरवर नेमकं काय काय चालतं, डिझेलची टाकी किती लिटरची, वरची टाकी आणि खालची टाकी किती लिटरची, पाणी चढवणारा पंप किती हॉर्सपॉवरचा, आणि टाकीच्या आऊटलेटचे व्हॉल्व्ह कुठे आहेत. हा कागद वॉचमनच्या केबिनमध्ये, पंप रूममध्ये आणि सेक्रेटरीच्या घरी लावलेला असावा. ही माहिती बऱ्याच सोसायट्यांत एकट्या पंपवाल्याच्या डोक्यात असते आणि पंपवाला नेमका गावाला गेलेला असतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बिल्डरच्या ब्रोशरवरून लिहू नका. एखाद्या रविवारी सकाळी सगळ्यांना सांगून मुख्य पुरवठा बंद करा आणि बघा. जनरेटर आपोआप सुरू होतो का? पाणी चढवणारा पंप त्यावर आहे का, की फक्त लिफ्ट आणि जिन्यातले दिवे? मला दिसलेल्या नव्या टॉवरांपैकी काहींत लॉबीचं झुंबर जनरेटरवर होतं आणि पाण्याचा पंप नव्हता. वायरमनकडून हे बदलून घेता येतं, पण लाईट असताना.

त्याच चाचणीत लिफ्ट बघा. लाईट गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बॅटरीची यंत्रणा बहुतेक नव्या लिफ्टमध्ये असते. तिची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते आणि लिफ्ट अडकल्यावरच ते कळतं.

मग माणसांची यादी. कोणत्या फ्लॅटमध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, डायलिसिसचा पेशंट आहे, दिवस भरलेली बाई आहे, एकटे राहणारे आजी-आजोबा आहेत, व्हीलचेअर आहे. ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. सेक्रेटरी आणि आणखी दोघांकडे छापील असावी. प्रत्येक चार मजल्यांमागे एक माणूस ठरवा, जो लाईट गेल्यावर त्या दारांची बेल न शोधता दार वाजवेल. बेलही विजेवरच चालते, हे ऐन वेळी आठवत नाही.

घरापुरतं लागतं ते थोडकं आहे. प्रत्येक खोलीत एक चार्जिंगचा दिवा किंवा टॉर्च, एक २०,००० एमएएचची पॉवर बँक, पाच-पाच लिटरचे झाकणाचे कॅन, गॅस पेटवायचा साधा लायटर आणि काडेपेटी, आठवड्याची औषधं, थोडी रोकड. वीस लिटरचा मोठा जार घेऊ नका. जिन्याने तो कोणालाच चढवता येत नाही.

तपासा: वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक फोनमध्ये फोटो काढून ठेवला आहे का? महावितरणचा तो १२ आकडी असतो आणि तक्रार करताना पहिला तोच विचारतात. सोसायटीच्या कॉमन मीटरचा क्रमांकही हवा.

टप्पा २: पहिली १५ मिनिटं — लाईट नेमकी कुठे गेली?

कंपनीला फोन लावण्याआधी हे शोधा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

घरातला मुख्य एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) बघा. तो पडला नसेल तर समोरच्या फ्लॅटला विचारा. मग खिडकीतून समोरची बिल्डिंग आणि रस्त्यावरचे दिवे बघा. सगळा परिसर काळा असेल तर दोष बाहेरचा. फक्त तुमची बिल्डिंग गेली असेल तर मीटर रूमपर्यंत येणारी केबल किंवा आतली यंत्रणा. फक्त काही मजले गेले असतील तर एक फेज (बिल्डिंगला येणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एक) गेलाय किंवा वर जाणाऱ्या केबलमध्ये बिघाड आहे.

इथे एक गैरसमज हमखास दिसतो. मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीचं. मीटरनंतर वर जाणारी केबल किंवा बसबार (केबलऐवजी वापरलेली धातूची जाड पट्टी) सोसायटीचा. तो जळला तर कंपनीचा माणूस येऊन बघेल, "तुमचं आहे" म्हणेल आणि जाईल. तेव्हा परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच लागतो. हे रात्री अकराला कळण्यापेक्षा संध्याकाळी सहाला कळलं तर तो मिळण्याची शक्यता तरी असते.

तक्रार एका ठरलेल्या माणसाने नोंदवावी. महावितरणसाठी १९१२ किंवा टोल फ्री १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा की महावितरण हे बिलावर बघा; एकाच रस्त्यावर दोन कंपन्या असू शकतात. तक्रार क्रमांक ग्रुपवर टाका आणि "किती वाजेपर्यंत येईल" याऐवजी "दोष सापडला का" हे विचारा. जमिनीखालच्या केबलचा दोष आधी यंत्राने शोधतात, मग खड्डा, मग जोड. दोष सापडलाच नसेल तर सांगितलेल्या वेळेला काही अर्थ नसतो, आणि तुम्ही लांबच्या हिशोबाने कामाला लागलेलं बरं.

सावध: मीटर रूममध्ये पाणी असेल, जळका वास येत असेल किंवा चरचर ऐकू येत असेल तर आत पाऊल टाकू नका. "फ्यूज बघून येतो" म्हणणाऱ्या उत्साही काकांनाही दारातच थांबवा.

टप्पा ३: पहिला तास — लिफ्ट, व्हॉल्व्ह, यादी. याच क्रमाने.

*लिफ्ट.* सगळ्या लिफ्ट कोणत्या मजल्यावर आहेत ते बघा आणि प्रत्येक दारावर थाप मारून आवाज द्या. कोणी अडकलं असेल तर त्याला बाहेरून सतत बोलतं ठेवा आणि लिफ्ट कंपनीला फोन करा. आत हवा येत राहते, गुदमरण्याचा धोका नसतो, हे त्याला सांगा. दार पहारीने उघडून दोन मजल्यांच्या मधून माणूस ओढून काढणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे: पाय घसरला तर तो थेट शाफ्टमध्ये जातो, आणि त्याच क्षणी लाईट आली तर लिफ्ट हलू शकते. हाताने लिफ्ट सरकवायची असेल तर आधी तिचा मुख्य स्विच बंद करावा लागतो आणि ते शिकलेल्या माणसाचंच काम आहे. कंपनीचा माणूस लवकर येत नसेल किंवा आतल्याला त्रास होत असेल तर १०१ ला अग्निशमन दलाला बोलवा.

*व्हॉल्व्ह.* आता हा लेख ज्यासाठी लिहिला तो भाग. लाईट गेली की पहिल्या दहा मिनिटांत लोक बादल्या, पातेली, ड्रम भरायला लागतात. खालच्या मजल्यांना दाब जास्त, म्हणून वरची टाकी तेच रिकामी करतात. शेवटच्या दोन-तीन मजल्यांना तर टाकी अगदी डोक्यावर असूनही पाणी येत नाही, कारण त्यांचा दाब वाढवणारा पंप विजेवर चालतो.

हिशोब करून बघा. समजा ८० फ्लॅट आहेत आणि वरच्या टाकीत २४,००० लिटर शिल्लक आहे. म्हणजे घरटी ३०० लिटर. नगरनियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चार माणसांचं घर नेहमीसारखं वागलं तर ते पाणी तेरा-चौदा तासांत संपतं. तेच घर दिवसाला १२० लिटरवर आलं तर अडीच दिवस निघतात. जनरेटर तोच, टाकी तीच.

म्हणून पहिल्या तासातच टाकीचे आऊटलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि वेळा जाहीर करा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास पुरतात. वरच्या मजल्यांची लाईन वेगळी असेल तर ती आधी सोडा. लोक ओरडतील. ओरडू द्या, आज ओरडतील ते उद्या पाणी आलं की गप्प बसतील.

सावध: आग विझवण्यासाठी राखलेलं पाणी घरगुती वापराला काढू नका. लाईट नसते तेव्हा आग विझवायचा मुख्य विजेचा पंपही जनरेटर नसेल तर बंद असतो, आणि बिल्डिंगभर मेणबत्त्या पेटलेल्या असतात. त्या पाण्याची गरज याच रात्री सगळ्यात जास्त असते.

*यादी.* ठरलेल्या माणसांनी ठरलेली दारं वाजवायची. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं घर पहिलं. पाच लिटरचं यंत्र साधारण ३००-३५० वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० एएच (ॲम्पिअर-तास) बॅटरीवर ते तीन तासांच्या आसपास चालतं, तेही दुसरं काही न लावता आणि इन्व्हर्टर साईन वेव्हचा (घरच्या विजेसारखी वीज देणारा) असेल तर. सिलिंडर असेल तर १५०० लिटरचा बी टाईप मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. बॅटरी निम्मी उरली की निर्णय घ्या. संपल्यावर घ्यायचा म्हटलं तर पेशंटला जिन्याने खाली आणण्याएवढाही वेळ हातात राहत नाही.

टप्पा ४: जनरेटर आधी कोणासाठी?

डिझेल किती आहे ते काठी घालून मोजा. पॅनेलवरच्या काट्यावर विसंबू नका. एक लिटर डिझेलमधून साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज निघते. दहा हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे जवळपास साडेसात किलोवॅट. पण मोठा जनरेटर फक्त जिन्यातल्या चार दिव्यांसाठी चालवला तर तो डिझेल जाळतोच, शिवाय कमी भारावर तासन्‌तास चालणं इंजिनलाही मानवत नाही. म्हणून सतत थोडा चालवण्यापेक्षा ठरावीक वेळी भरपूर भार देऊन चालवा. त्या वेळात काय चालवायचं, याचा क्रम असा:

१. पाणी चढवणारा पंप.
२. पावसाळ्यात बेसमेंटमधलं पाणी उपसणारा पंप. पाणी जोरात चढत असेल तर हाच पहिला.
३. सांडपाण्याच्या टाकीचा पंप.
४. एक लिफ्ट. दोन नाहीत, एक.
५. लॉबीत फोन चार्ज करायचे पॉईंट.

तिसरा मुद्दा लोकांना माहीतच नसतो. नव्या टॉवरमध्ये सांडपाणी प्रक्रियेचा प्लांट खाली बेसमेंटमध्ये असतो आणि त्यातलं पाणी पंपाने पुढे ढकलावं लागतं. पंप बंद, वरून ऐंशी घरांचे फ्लश सुरू, म्हणजे टाकी भरून पार्किंगमध्ये वाहणार. बऱ्याच ठिकाणी फ्लशचं पाणीही याच प्लांटमधून वेगळ्या पाईपने वर जातं. त्यामुळे नळाला पाणी आहे पण फ्लशला नाही, अशी स्थिती येते आणि लोक प्लंबरला फोन करत बसतात.

लिफ्टच्या वेळा सूचनाफलकावर लिहा: सकाळी ८ ते ९, दुपारी १ ते १:३०, संध्याकाळी ७ ते ८, असं काहीतरी. पहिल्याच फेरीत यादीतली ज्यांना खाली किंवा नातेवाइकांकडे जायचं आहे ती माणसं. मग औषध, दूध, लहान मुलं. सामान जिन्याने. बाकीच्या वेळी लिफ्टला कुलूप घाला, कारण "फक्त दोन मिनिटं" म्हणणारे खूप असतात.

तळमजल्यावर टँकर मागवणं ही सर्वांत महागडी चूक. टँकर खालच्या टाकीत पाणी ओततो. ते वर चढवायला पंप लागतो आणि पंपाला डिझेल. खालची टाकी अर्धी भरलेली असताना टँकरला पैसे देण्यापेक्षा तेच पैसे डिझेलला द्या. टँकरवाला हे सांगणार नाही.

जनरेटर सुरू करण्याआधी इंजिन ऑईल, कूलंट आणि एक्झॉस्टचं तोंड मोकळं आहे का बघा. डिझेल भरताना इंजिन बंद. डिझेलचे कॅन मीटर रूमजवळ किंवा बेसमेंटमध्ये ठेवू नका. काही पंपांवर सुटं डिझेल देत नाहीत. सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन आधीच बोलून ठेवलेलं असलं तर काम होतं.

सावध: पेट्रोलचा छोटा जनरेटर बाल्कनीत, ड्राय एरियात किंवा डक्टमध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. डक्टमधून तो वरच्या मजल्यावरच्या झोपलेल्या घरात जातो. बंद पार्किंगमध्ये गाडीचं इंजिन चालू ठेवून फोन चार्ज करत बसणंही तितकंच वाईट. गाडी उघड्यावर आणा, मग चार्ज करा.

टप्पा ५: घरातलं

पाण्याचे तीन भाग करा आणि एकमेकांत मिसळू देऊ नका. पिण्या-स्वयंपाकाचं, माणशी दिवसाला चार-पाच लिटर, झाकून. अंग पुसायचं आणि भांड्यांचं. आणि वापरलेलं, जे टॉयलेटला जातं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी, कपडे खळबळलेलं पाणी सगळं एका बादलीत. टाकीचा फ्लश बंद. बादलीने एकदाच जोरात ओता. थोडं थोडं ओतलं तर जास्त लागतं. एक-दोन दिवस पत्रावळी किंवा कागदी प्लेट वापरल्या म्हणून कोणी नावं ठेवणार नाही.

आरओ बंद, त्यामुळे पिण्याचं पाणी उकळून घ्या. टाकी तळापर्यंत गेली असेल तर गाळ येतो. आधी फडक्यातून गाळा, मग उकळा.

पाणी येत नाही म्हणून उघडून बघितलेला नळ लगेच बंद करा. लोक तो तसाच सोडून कामावर जातात आणि संध्याकाळी व्हॉल्व्ह सुटला की खालच्या घराचं पीओपी गळायला लागतं. वॉशिंग मशीनचा आणि गीझरचा कॉकही बंद ठेवा.

इन्व्हर्टरचं गणित एकदा कागदावर मांडा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. हाती येतात हजार-अकराशे, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, एलईडी ९, राऊटर १०-१२. एक साधा पंखा, तीन दिवे आणि राऊटर धरले तर नऊ-दहा तास. तोच पंखा बीएलडीसी असेल तर पंधराच्या पुढे. म्हणून दिवसा इन्व्हर्टर बंदच करून ठेवा, रात्री सगळे एका खोलीत झोपा, एक पंखा लावा. फ्रीज इन्व्हर्टरवर लावायचा मोह टाळा. सुरू होताना तो जो झटका घेतो त्यात बॅटरीचं आयुष्य जातं आणि रात्रीचा पंखाही.

फ्रीजचं दार जितकं कमी उघडाल तितकं बरं. बंद दाराचा फ्रीज चार तास थंड राहतो; गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. पहिल्याच दिवशी दूध तापवा, मासे-चिकन शिजवून त्याच जेवणात संपवा, पनीर आणि ओलं खोबरं संध्याकाळपर्यंत, आंबवलेल्या पिठाचे डोसे लगेच. शिळा भात दिवसभर बाहेर राहिला असेल तर फोडणी देऊनही खाऊ नका. त्यातलं काही विष तापवल्याने जात नाही. लोणची, चटण्या, तूप, फळं यांची काळजी नको.

इन्सुलिनबद्दल घाबरगुंडी उडते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत घरच्या तापमानाला महिनाभराच्या आसपास चालतं; नेमके दिवस आणि तापमान पाकिटावर असतं. उन्हाळ्यात घर फार तापत असेल तर प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात घालून माठाच्या गारव्याला ठेवा. बर्फात कधीच खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

पाईप गॅसला वीज लागत नाही, तो चालू राहतो. चिमणी चालत नाही, म्हणून खिडकी उघडी. घरात फक्त इंडक्शन असेल तर शेजाऱ्यांशी जेवणाचं आधीच ठरवा.

टप्पा ६: रात्र आणि जिना

मेणबत्ती नको. लावायचीच तर स्टीलच्या ताटात, पडद्यापासून लांब, आणि झोपायच्या आधी विझवून. विसाव्या मजल्यावर आग लागली आणि लिफ्ट-पंप बंद असतील तर अग्निशमन दलाचे जवानही पाईप खांद्यावर घेऊन जिन्यानेच येणार आहेत.

जिना मोकळा करा. चपलांचे रॅक, सायकली, कुंड्या, जुनं कपाट, सगळं आत. दिवसा हे कोणाला खुपत नाही. अंधारात साठ-सत्तर वर्षांचा माणूस त्याच रॅकला अडखळतो. दर दोन मजल्यांना एक चार्जिंगचा दिवा टांगा आणि भिंतीवर खडूने मजल्याचा आकडा मोठा लिहा. वीस मजले म्हणजे चारशेच्या आसपास पायऱ्या. अंधारात मोजणी चुकते आणि लोक भलत्याच दाराला किल्ली लावतात. हृदयविकार असलेल्यांनी एका दमात चढू नये. दर तीन-चार मजल्यांना एक खुर्ची ठेवली तर तेवढ्याने काम होतं.

विजेवर चालणारे चुंबकी कुलपाचे दरवाजे वीज गेली की बहुतेक ठिकाणी आपोआप सुटतात. म्हणजे मागचं दार उघडं आहे. वॉचमनला मुख्य गेटवर बसवून ठेवू नका, एक जण त्या दारावर हवा. इंटरकॉम बंद असल्याने पाहुणा, डिलिव्हरीवाला यांची खात्री फोनवर करावी लागते. फोनच्या टॉवरचीही बॅटरी काही तासांची असते, त्यामुळे रात्री नेटवर्क ढिलं पडलं तर आश्चर्य नको. ग्रुपवर "आली का?" विचारणारे मेसेज बंद करा आणि दिवसातून तीन ठरलेल्या वेळा एकच सूचना द्या, ती लॉबीत कागदावरही लावा.

तपासा: यांत्रिक पार्किंगमध्ये वरच्या थरावर गाडी असेल तर ती विजेशिवाय खाली येत नाही. जनरेटरच्या पहिल्या वेळेतच निदान दोन गाड्या बाहेर काढून गेटजवळ ठेवा, रात्री दवाखान्यात न्यायला. चाव्या वॉचमनकडे.

टप्पा ७: दुसरा दिवस — राहायचं की निघायचं?

इथे लोक अभिमानाने चूक करतात. "आम्हाला काही होत नाही" म्हणत अठराव्या मजल्यावर बसलेल्या आजोबांना तिसऱ्या दिवशी चक्कर आली की त्यांना खाली आणायला चार माणसं आणि पाऊण तास लागतो. न्यायचंच तर हात असलेल्या भक्कम लाकडी किंवा लोखंडी खुर्चीवरून, माणसाला चादरीने बांधून, दोघं वर दोघं खाली. प्लॅस्टिकची खुर्ची मोडते. रुग्णवाहिकेसाठी १०८.

माझं मत सरळ आहे: ज्यांना जिना चढता-उतरता येत नाही, ज्यांना यंत्र लागतं, ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे आणि ज्यांना जाण्यासाठी दुसरं घर आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टच्या वेळेत निघावं. तब्येत बिघडल्यावर निघायचं म्हटलं तर तेव्हा लिफ्ट चालू असेलच असं नाही. खालच्या मजल्यावर कोणाचा फ्लॅट रिकामा असेल तर मालकाला फोन करून तो मागून घ्या; बहुतेक जण देतात. निघताना मुख्य एमसीबी बंद, गॅसचा कॉक बंद, सगळे नळ बंद, फ्रीजमधलं नासणारं काढून कचऱ्यात, आणि किल्ली शेजाऱ्याकडे.

टप्पा ८: लाईट आल्यावर

टाळ्या वाजवून सगळे एकदम एसी लावतात आणि ताज्या जोडावर सगळा भार एकदम येतो. कधी कधी लाईट पुन्हा जाते ती त्यामुळेच. घरातला क्रम असा: लाईट नसतानाच सगळी मोठी उपकरणं स्विचवर बंद करून ठेवा, एक दिवा चालू ठेवा. लाईट आली की त्या दिव्याकडे बघा. नेहमीपेक्षा फार प्रखर किंवा फार मंद वाटला, पंखा विचित्र वेगाने फिरला, तर लगेच मुख्य एमसीबी पाडा आणि सगळ्यांना कळवा. न्यूट्रल (विजेची परतीची तार) सुटला असेल तर काही घरांत २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्टेज जातं आणि टीव्ही, फ्रीज, चार्जर एका मिनिटात जातात. सगळं ठीक दिसलं तर दहा-पंधरा मिनिटांनी फ्रीज, मग गीझर, एसी शेवटी.

पंप आणि लिफ्टचं वेगळं. केबल नव्याने जोडताना फेजचा क्रम उलटा लागू शकतो. मग तीन फेजचा पंप उलटा फिरतो: आवाज येतो, मोटर तापते, पाणी चढत नाही. पंप सुरू केल्यावर पाच मिनिटांत वरच्या टाकीत धार पडते का हे गच्चीवर जाऊन बघा. लिफ्टमध्ये उलट्या फेजवर न चालण्याचं संरक्षण असतं, त्यामुळे ती नुसतीच उभी राहते आणि लोकांना वाटतं लिफ्ट बिघडली. दोन्हींवर उपाय एकच, वायरमनकडून फेज बदलून घेणं. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं असेल तर कंपनीच्या माणसाने बघितल्याशिवाय ती चालू करायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

पाणी सोडताना व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. रिकाम्या पाईपमध्ये हवा भरलेली असते; एकदम सोडलं तर पाईप थडथडतात आणि जुने जोड सुटतात. पहिलं गढूळ पाणी वाहू द्या, बादलीत धरून टॉयलेटला वापरा. बंद फ्लॅटच्या दाराखालून पाणी येत नाही ना, हे मजल्यामजल्यावर बघून या.

आणि त्याच आठवड्यात डिझेलची टाकी भरा, चार्जिंगचे दिवे पुन्हा चार्जिंगला लावा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघा, आणि जनरेटर किती तास चालला, किती लिटर लागलं, पंपाने टाकी किती वेळात भरली हे तीन आकडे वॉचमनच्या केबिनमधल्या त्या कागदावर लिहून ठेवा.